दातांची टोपी

सिंदेवाहीच्या गाडीचा पुकारा करताना ज्योत्स्नाला आईचा आवाज ऐकू आला. सकाळची वेळ होती, चंद्रपूरच्या बसस्थानकावर रोजचीच धांदल होती, आणि नियंत्रकाच्या काचेच्या खोलीत बसून ती रोजचंच बोलत होती. सिंदेवाहीकडे जाणारी साधी बस फलाट क्रमांक सहावर लागली आहे. हे वाक्य ती झोपेतून उठवलं तरी म्हणेल. पण आज ते बाहेरच्या कर्ण्यातून फिरून तिच्यापर्यंत आलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक 'स'मागे बारीकशी शीळ होती. दारातल्या फटीतून वारा शिरावा तशी. तिने माईक पुसला. मग सावलीची गाडी पुकारली, मग सिरोंच्याची, आणि या जिल्ह्यात 'स'च्या गावांना काय तोटा, प्रत्येक गावामागून ती शीळ येत राहिली. आई असंच बोलायची. स्वतःचं नाव सुगंधा सांगतानाही तिच्या पुढच्या दातांमधून थोडी हवा निसटायची, आणि गावातली पोरं मागे तिची नक्कल करायची. आईला जाऊन पाच-सहा महिने झाले होते. ज्योत्स्नाने माईक बंद केला, शेजारच्या सहकाऱ्याला पुढच्या गाड्या बघायला सांगितल्या आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने ती आत जाऊन उभी राहिली. जिभेचं टोक तिने वरच्या दातांवरून फिरवलं. डावा पुढचा दात शेजारच्या दातावर किंचित चढला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. साड्यांच्या मागे ती निळी डबी होती, आणि डबीत रिटेनर, कोरडा पडलेला, कडेने पिवळसर झालेला. कॉलेजात असताना तिच्या दातांना तारा लावल्या होत्या. तारा निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी ही पारदर्शक, दातांच्याच आकाराची पातळ खोळ करून दिली आणि बजावलं, की दात सरळ झाले म्हणजे शहाणे झाले असं समजू नका, त्यांना आपली जुनी जागा आठवत असते, रोज रात्री हे घालून त्यांना धरून ठेवायचं. आईला रिटेनर हा शब्द काही जमला नाही. तिने घरी येऊन त्याचं नाव टोपी ठेवलं. दातांची टोपी. पुढे ज्योत्स्नाचा नवरासुद्धा तेच म्हणू लागला. लग्नानंतर रोज रात्री आईचा फोन यायचा, त्यात दोन प्रश्न ठरलेले, जेवली का आणि टोपी घातली का. तुझ्या आईला जावयापेक्षा टोपीची काळजी जास्त, असं तो माजरीच्या खाणीतून पाळी संपवून आला की चिडवायचा. आणि गंमत अशी, की इतकी वर्षं एकही रात्र चुकली नाही. मग दिवाळीच्या सुमारास आई दवाखान्यात भरती झाली, ज्योत्स्ना एका पिशवीनिशी धावली, डबी घरीच राहिली. नंतर दवाखाना झाला, मग दहावा, तेरावा झाला, ती घरी परत आली, आणि रात्री फोन वाजेना. विचारणारं कोणी उरलं नाही, तशी टोपीही राहून गेली. यात तिने काही ठरवलं नव्हतं. आता तिने ती नळाखाली धरली, मऊ ब्रशने घासली, आरशासमोर दातांवर चढवली, तर ती डाव्या बाजूला बसेचना. अंगठ्याने दाबली तेव्हा कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. तिने टोपी काढून हातात घेतली आणि आरशात ओठ मागे ओढून बघितलं. तिच्याच तोंडात, तिच्याच हिरडीवर, आईचा तो दात उगवून येत होता.

दातांची डॉक्टर तरुण होती, हसतमुख होती. तिने रिटेनर थोडा थोडा करून दाबत शेवटी बसवला, तो कट्कन बसला तेव्हा ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाली, नशीब समजा, अजून बसतोय. आता जेवण सोडून दिवसरात्र घाला, दुखेल, पण दात मागे जातील. महिनाभर आणखी उशीर केला असता तर मग पुन्हा तारांवाचून इलाज नव्हता. ज्योत्स्नाने विचारलं, आणि नाहीच घातला तर? डॉक्टरला तो प्रश्नच कळला नाही. नाही घातला तर पहिल्यासारखे होतील ना, ती म्हणाली, इतकी मेहनत वाया जाईल. आणि मग सवयीने ती काळजीची यादी म्हणू लागली, टूथपेस्ट नको, चरे पडतात, रुमालात गुंडाळू नका, कचऱ्यात जातो, उन्हात नको, आणि काहीही झालं तरी गरम पाणी नको. ज्योत्स्ना मान हलवत होती. गरम पाण्याचं तिला सांगायला नको होतं. रस्त्यावर येताच तिने टोपी काढून डबीत ठेवली. का काढली हे तिला सांगता आलं नसतं. रोज उद्यापासून घालू म्हणत तिने ती डबी पर्समध्ये तशीच बाळगली, आणि बसस्थानकावर 'स'ची शीळ दिवसेंदिवस मोकळी होत गेली.

आईचे दात पुढे होते. एवढं एक वाक्य म्हटलं की बाहेरच्या माणसाला सगळं कळल्यासारखं वाटतं, पण त्या दातांनी आईचा एक हात कायमचा गुंतवून ठेवला होता, हे घरच्यांनाही कधी जाणवलं नाही. बोलताना पदराचं टोक ओठांवर, हसताना अख्खा तळवा. कापूस वेचताना दोन्ही हात कामात असायचे, तेव्हा बायका थट्टा करू लागल्या की ती तोंड फिरवून ओटीत घालायची आणि तिचे नुसते खांदे हलायचे. लग्नातल्या फोटोत, ज्योत्स्नाच्या भावाच्या, प्रवीणच्या, बारशाच्या फोटोत, सगळीकडे तिचे ओठ घट्ट मिटलेले, तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखे. ज्योत्स्नाला दुधाचे दात पडून नवे आले, ते तसेच आले. आणि आठवी-नववीत एकदा वर्गात हसताना पोरीचा हात तोंडावर गेलेला आईने खिडकीतून बघितला. डबा द्यायला आली होती ती. त्या रात्री बाबांना तिने सांगितलं, की पोरीच्या दाताचं करायचंच. नातेवाईक म्हणाले, लग्नासाठी करत असतील. आई कोणाला उत्तर द्यायच्या फंदात पडली नाही. फक्त ज्योत्स्नाची वेणी घालता घालता एकदा म्हणाली होती, "तुह्या हाताले दुसरे कामं करू दे. थो तोंडावर नको ठिऊ." पैसे साठेपर्यंत ज्योत्स्ना कॉलेजात गेली, मग दर महिन्याला कोरपन्याहून चंद्रपूर. गडचांदूरच्या पुढे सिमेंटच्या धुळीने पांढुरकी झालेली झाडं, राजुऱ्याला उतरून घेतलेली भजी, तारा आवळल्यावर परतीच्या वाटेत पोरीला काही चावता यायचं नाही म्हणून आईनेही न खाता तशीच परत आणलेली शिदोरी. माणसं देवाला नवस करतात तशी ती त्या डॉक्टरकडे जायची.

आणि ते उकळणं. गावात काविळीची साथ आली होती, पाणी उकळून प्या म्हणून दवंडी झाली होती, आणि आईने मनावर घेतलं म्हणजे घेतलं. पाणी उकळलं, पेले उकळले, देवांची ताम्हनंसुद्धा उकळली. ज्योत्स्ना न्हायला गेलेली बघून तिने ती नवीकोरी टोपीही खळखळत्या पातेल्यात टाकली. पोरगी रोज तोंडात घालते, तिच्यात रोग राहायला नको. चिमट्याने बाहेर काढली तेव्हा तिचं तळलेल्या कुरडईसारखं झालं होतं. ज्योत्स्ना ओले केस घेऊन आली आणि मधल्या खोलीच्या दारात थबकली. आई आरशासमोर उभी होती. ती वाकडी टोपी ताणून सरळ व्हावी म्हणून तिने ती स्वतःच्या दातांवर चढवायला घेतली होती, दोन्ही अंगठ्यांनी दाबत होती, तोंड पार उघडं, ओठ वर गेलेले, आणि सगळे दात, त्यांतला तो पुढे झेपावलेला डावा दात, वरच्या लालसर हिरड्या, सगळं उजेडात. ज्योत्स्नाने आईचं तोंड त्याआधी पुरतं कधी बघितलं नव्हतं. ते काही कुरूप नव्हतं. मोठं होतं, ओलं होतं, एखाद्या खूप बोलणाऱ्या, खूप हसणाऱ्या बाईचं असावं तसं होतं. मग आरशात आईला ती दिसली आणि तळवा झटकन वर गेला. त्या तळव्याआडून आई म्हणाली, "माह्या हातानं सत्यानास झाला वो माय." दोघी हसल्या आणि मग आई रडली. नवी टोपी करून आणल्यावर ती दिसेल त्याला सांगत सुटली, दाताच्या टोपीले थंडच पाणी लागते, गरम बिलकुल नाई चालत. गावात दातांची टोपी असलेलं दुसरं कोणीही नव्हतं, तरी सगळ्या आळीला ते पाठ झालं होतं.

आई गेली तेव्हाचं मात्र ज्योत्स्नाला आठवायचं नसायचं आणि तेच आठवायचं. बायकांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, भरल्या कपाळानं गेली म्हणून मळवट भरला. हनुवटीखालून पट्टी बांधली तरी ओठ काही दातांवरून मिटेनात. जिवंतपणी जे तिने स्नायू ताणून ताणून मिटून धरलं होतं ते आता आपोआप थोडं उघडलं होतं. एक म्हातारी दोनदा ओठ ओढून बघून थकली. मग कोणीतरी अगदी मायेने पदराचं टोक घेऊन तिच्या तोंडावर घातलं, आणि तशीच तिला उचलली. ज्योत्स्ना ओरडणार होती, की काढा तो पदर, आता तरी काढा. पुढे प्रवीणने कोरपन्याच्या स्टुडिओत फोटो मोठा करायला दिला, तर त्या पोराने आपल्या बुद्धीने कॉम्प्युटरवर ओठ सारखे करून, वर थोडं हसू काढून दिलं. हार घातलेल्या चौकटीत आता कोणी एक देखणी, शांत बाई होती. सगळ्यांना फोटो फार आवडला. बाबा तेवढे त्या भिंतीकडे पाठ करून बसत.

अक्षय तृतीयेला ज्योत्स्ना गावी गेली. वर्षाच्या आत गेलेलं माणूस त्या दिवशी पितरांत मिळवायचं, मातीच्या नव्या घागरी भरायच्या, आणि ते माणूस पुरुष असेल तर पुरुषाला, सवाष्ण गेली असेल तर सवाष्णीला, त्याच्या जागी पाटावर बसवून जेवू घालायचं, ही गावची रीत. जेवणारीने पोट भरून खाल्लं की गेलेली तृप्त झाली असं मानायचं. आईच्या पाटावर बसायला शेजारच्या धुरपताबाईला सांगितलं होतं. आईची कापसातली जोडीण, चार घरं सोडून राहणारी, तोंडाने फटकळ. प्रवीणची बायको पुनम पहाटेपासून चुलीशी होती. पुरण, वडे, कढी, चिंचवणी, कुरडया, सगळं आईच्या हातचं असायचं तसंच करायची तिची धडपड चालली होती. बाहेर ऊन असं, की अंगणातली कोंबडीसुद्धा चोच उघडी टाकून रांजणाच्या ओलीत बसली होती. ज्योत्स्ना बोलत बोलत आत शिरली तशी पुनमने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली. बोलताना आपला हात ओठांवर जातो आहे, हे ज्योत्स्नाच्या तेव्हा लक्षात आलं. कधीपासून जात होता कोण जाणे. दातांबरोबर तो हातही परत आला होता. आईने आयुष्यभर नको नको म्हटलेली गोष्ट नेमकी तिच्या अंगात मुरत होती. पर्समध्ये डबी होती. आज रात्रीपासून घालायची, तिने ठरवलं. मरणाऱ्या बाईने शेवटच्या शुद्धीतसुद्धा नळ्या लावलेल्या तोंडाने टोपी घातली का विचारलं होतं आणि ज्योत्स्नाने खोटंच हो म्हटलं होतं. ते खरं करायचं. मग महिन्याभरात दात मागे जाईल, शीळ जाईल, हात खाली येईल, आणि आईचं खरं तोंड या जगात कुठेही उरणार नाही. भिंतीवर नाही, अल्बममध्ये नाही, लेकीच्या तोंडातही नाही. आईचं ऐकायचं म्हणजे आईला पुसून टाकायचं, हे कसलं ऐकणं, असं तिच्या मनात आलं, आणि न ऐकावं तर तिच्या त्या उपाशी परतीच्या वाटा डोळ्यांसमोर येत. तिला दोन्ही बाजूंनी रडू येत होतं.

पान वाढलं. पळसाच्या पत्रावळीसमोर धुरपताबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली, समोर भिंतीला टेकून बाबा. प्रवीणने पाया पडून घेतलं. जेवणारीने जेवताना गेलेल्या माणसाचं काही चांगलं बोलावं अशी अपेक्षा असते, पण धुरपताबाई चांगलं बोलणाऱ्यातली नव्हतीच. पहिला वडा संपवून ती म्हणाली, सुगंधाची एक गोष्ट तुम्हाला कोणाला ठाऊक नाही, तिने फक्त मला सांगितली होती आणि कोणाला सांगू नको म्हटलं होतं, पण आज तिच्याच जागी बसले आहे तर तीच सांगते असं समजा. ज्योत्स्नाला पहिल्यांदा दातांसाठी नेली तेव्हा पोरगी आत दातांचा फोटो काढायला गेली होती, आणि बाहेर आलेल्या डॉक्टरने आईकडे एकवार बघून तिलाच खुर्चीत नेऊन बसवलं होतं.

"डॉक्टर म्हने, आ करा. इनं तं दोन्ही हातानं तोंड दाबून धरलं. डॉक्टर म्हने, बाई, हात काढा. तं म्हने कशी, हात नाई निघत डॉक्टरसाहेब, लय वर्साचे चिपकून हायेत."

पुनम आतून खुदकन हसली. धुरपताबाई पुढे सांगत होती, की डॉक्टरही हसला, म्हणाला तुमचेही होतील सरळ, वय काही आड येत नाही. तेव्हा सुगंधा त्या खुर्चीतून उतरली आणि म्हणाली, "माह्ये राहू द्या. माह्या पोरीचे हात मोकळे करून द्या, मंग मले काई नाई पायजे." आणि वर धुरपताला सांगताना म्हणाली होती, की खुर्ची मात्र अशी मऊ होती, अजून थोडा वेळ बसू दिलं असतं तर झोपच लागली असती.

ज्योत्स्ना तेव्हा एका हातात कढीचं गंज आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन वाकली होती. हसू आलं ते तिला आवरलं नाही. हात वर जायला बघत होते आणि जाऊ शकत नव्हते, गंज जड होतं आणि कढी गरम होती. ती तशीच हसली, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी गळत असताना हसली. धुरपताबाईचा घास हातातच राहिला. बाबा बघत होते. इतक्या महिन्यांत भिंतीकडे पाठ करून बसणारा तो माणूस मान पुढे काढून बघत होता, आणि मग ते हळू आवाजात म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही असं, "थे अशीच हासत असन. संसार झाला सारा, पन म्या तिले उघड्या तोंडानं हासताना पायलंच नाई."

पुनमने आतून पुरणपोळी आणून वाढली, धुरपताबाईने निमूट जेवण संपवलं, तृप्त झाले म्हणाली, ओटी घेतली आणि डोळे पुसत उन्हातून घरी गेली. मागची पंगत उठल्यावर घरची माणसं कलंडली. पुनम पोराला घेऊन आडवी झाली. बाबा पडवीत बाजेवर बसून होते, त्यांनी आतल्या दिशेला चहा मागितला. ज्योत्स्नाने पातेल्यात पाणी ठेवलं आणि ते उकळायची वाट बघत चुलीपाशी उभी राहिली. पर्स खुंटीला होती. तिने डबी काढली, टोपी तळहातावर घेतली. आतून तिच्या जुन्या सरळ दातांचे खड्डे दिसत होते, एकेक दाताचा वेगळा. किती रात्री हिने तिला धरून ठेवलं होतं. किती रात्री त्या म्हातारीने फोन करून करून हिला तिच्या तोंडात बसवलं होतं. ज्योत्स्नाने ती एकदा गालाला लावली. पाणी खळखळू लागलं. मग आईने जे मायेने आणि अडाणीपणाने केलं होतं ते तिने सगळं ठाऊक असून केलं. टोपी पाण्यात पडली, क्षणभर तशीच राहिली, मग कडेने आखडत आखडत, आईच्या त्या टोपीसारखीच वेडीवाकडी होऊन उकळीत गरगर फिरू लागली. तिला हुंदका आला. थंडच पाणी लागते म्हणणारं, ओरडणारं, दारात येऊन कपाळावर हात मारणारं आता कोणीही नव्हतं, आणि हे आईच्या जाण्याइतकंच खरं आहे, हे तिला आत्ता, या चुलीपाशी कळलं. ती भिंतीला धरून पोटभर रडली.

बाबांनी बाहेरून विचारलं, "काय उकळून राह्यली वो बाई एवढा वेळ? चहाच होय ना?"

तिने ते पाणी मोरीत ओतलं, वाकडी टोपी चुलीशेजारच्या कोनाड्यात आईच्या हळदीकुंकवाच्या करंड्याजवळ ठेवली, दुसरं पातेलं घेऊन चहा केला आणि कप घेऊन बाबांच्या समोर जाऊन बसली. बाबांनी कप घेतला, पण ते प्यायले नाहीत. लहान पोराने काही मागावं तसे ते थोडा वेळ घुटमळले, मग डोळे खाली ठेवून म्हणाले, ती धुरपता काय सांगत होती, ती डॉक्टरची गोष्ट, तू सांग एकदा, मला नीट ऐकू आली नाही. त्यांचे कान चांगले आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्योत्स्ना सांगू लागली. सुगंधा म्हणताना, साहेब म्हणताना, तिचे 'स' शीळ घालत होते आणि बाबांची मान त्या शिळेबरोबर हलत होती. हात नाई निघत डॉक्टरसाहेब, इथपर्यंत आल्यावर तिला पुन्हा हसू फुटलं, आणि तिचा उजवा हात आपोआप, आईच्या इतक्या वर्षांच्या ओढीने तोंडाकडे निघाला. बाबांचं बघून होईपर्यंत तिने तो दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला.